हिप रिप्लेसमेंटमध्ये नॅव्हिगेशन: आकडा अचूक, पण कशावरून?

ओटीतला हमाल: खुब्याचा सांधा बदलताना नॅव्हिगेशन (कॅमेरा आणि कॉम्प्युटरने कोन मोजून दाखवणारी यंत्रणा) लावलं की कप, म्हणजे खोबणीत बसवायची वाटी, डिग्रीभरही चुकत नाही असं हल्ली सर्रास ऐकवतात. अहो, सीटी न काढता वापरायच्या सिस्टीमला पेल्व्हिस (कमरेचं हाड) दिसतच नाही, आपण पॉइंटर टेकवून सांगू तेच तिला खरं. कमरेची पुढची दोन टोकं आणि मधलं प्युबिस, म्हणजे ओटीपोटाखालचं हाड. आता पेशंट कुशीवर, खालचं टोक ड्रेपखाली दबलेलं, प्युबिसवर चरबीचा थर, दाबून दाबून हाड लागलं वाटतं ते हाड नसतंच. तिथेच अँटीव्हर्जन, म्हणजे कपचा पुढे झुकलेला कोन, काही डिग्रीने गंडतं, आणि स्क्रीनवर आकडा मात्र छातीठोक!

काटकोन: आणि डोळ्याने काय होतं? रिट्रॅक्टर ओढला की पेल्व्हिस पुढे कलंडतं आणि सर्जन टेबलाच्या हिशोबाने कपचा उतार ४० डिग्री धरून बसतो. नॅव्हिगेशनने फार वेडेवाकडे बसणारे कप कमी होतात हे ट्रायल्समध्ये दिसलंय.

रात्रपाळी: मी हत्यारांच्या ट्रॉलीपाशी जे दिसतं ते बोलते. हाडात पिनेने बसवलेल्या ट्रॅकरच्या बॉलवर (कॅमेरा हेच बघतो) रक्त उडालं की कॅमेरा आंधळा, मग पुसा, असिस्टंटला "डोकं बाजूला घ्या" म्हणा. ते निदान कळतं तरी. हाड ठिसूळ असेल आणि रजिस्ट्रेशननंतर, म्हणजे पॉइंटरने खुणा नोंदवून झाल्यावर, पिन किंचित हलली तर आकडे येतच राहतात, चुकीचे. शिवाय पिनेची जखम वेगळीच.

ओटीतला हमाल: @काटकोन कप कमी चुकतात, मान्य. पण निशाणाच चुकीचा असेल तर? लेविनेक या सर्जनचा सेफ झोन (कप या कोनांत बसला तर सांधा सहसा निखळत नाही अशी चौकट) १९७८ चा, इन्क्लिनेशन (उतार) ४० आणि अँटीव्हर्जन १५, दोन्ही दहा इकडेतिकडे. त्या चौकटीत बसलेले सांधेही निखळतातच की. पेल्व्हिस १ डिग्री कललं की अँटीव्हर्जन साधारण ०.७ डिग्री बदलतं, आणि ज्याचे कमरेचे मणके फ्यूज केलेत (एकमेकांना जोडून टाकलेत) त्याचं पेल्व्हिस बसताना मागे झुकतच नाही, कृत्रिम सांध्याच्या दांड्याची मान पुढून कपला आपटते. टेबलावर आडवं असताना मोजलेला आकडा त्याला काय कामाचा?

काटकोन: हा दोष नॅव्हिगेशनचा की प्लॅनिंगचा? निशाण तुम्ही ठरवायचं, ते लावून देतं. आणि पायाची लांबी विसरलात, पाय लांब झाला की पेशंट आयुष्यभर बुटात टाच घालून फिरतो, तिथे मिलिमीटरचा हिशोब हवाच.

ओटीतला हमाल: लांबीसाठी लावा ना, मी कुठे नको म्हणतोय. कपचा आकडा मात्र मी उभ्या-बसलेल्या एक्स-रेशी ताडूनच घेणार, स्क्रीन काहीही म्हणो.