बॅबेजचं अपुरं यंत्र आणि शॉइट्झ बापलेक
चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात गणिती कोष्टकं आपोआप काढणारं 'डिफरन्स इंजिन' हे यंत्र आखलं होतं. "त्या काळी इतके अचूक सुटे भाग घडवताच येत नव्हते, म्हणून बॅबेजचं यंत्र अपुरं राहिलं" असं बरेच जण लिहितात. मला ते पटत नाही. जोसेफ क्लेमंट या कारागिराने १८३२ मध्ये जुळवलेला डिफरन्स इंजिनचा एक भाग शाबूत आहे आणि तो चालतो. काम अडलं ते क्लेमंटशी पैशांवरून बिनसल्यामुळे. पुढे १८४२ मध्ये खर्च उचलणाऱ्या ब्रिटिश सरकारनेही हात काढून घेतला, तोवर सुमारे १७,००० पौंड खर्च झाले होते. लंडनच्या सायन्स म्युझियमने बॅबेजच्या दुसऱ्या आराखड्यावरून, त्याच्या काळी साधत होती तेवढीच अचूकता पाळून, १९९१ मध्ये यंत्र उभं केलं. ते ३१ अंकांपर्यंत बिनचूक हिशोब करतं!

या विषयावर बोलताना राहून जाणारं नाव म्हणजे शॉइट्झ. स्वीडनमधले गेऑर्ग शॉइट्झ पेशाने मुद्रक. बॅबेजच्या कल्पनेवरचा एक लेख वाचून ते आणि त्यांचा मुलगा एडवर्ड कामाला लागले, आणि १८५३ मध्ये त्यांचं यंत्र तयारही झालं. आलेलं उत्तर छपाईसाठी साच्यात उठवायची सोयही त्यात होती. अमेरिकेत आल्बनीच्या डडली वेधशाळेने ते १८५७ मध्ये विकत घेतलं. स्वतःचं यंत्र रखडलेलं असताना बॅबेजने या बापलेकांचं मनापासून कौतुक केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.