नागपूरहून स्टुटगार्टला: तिथे पहिली गाडी कोणती घ्यावी?

प्रतापनगरकर:
नमस्कार मंडळी. येत्या नोव्हेंबरात जर्मनीत स्टुटगार्टला जाऊन राहिलो, बायको आणि चार वर्षांची पोरगी सोबत. इथे 2014 ची वॅगन आर आहे, रोज मिहानला जाणं-येणं तिच्यावरच. बाबा म्हणतात, "बाहेरदेशी चालला तर दणकट एसयूव्ही घे, बर्फात फसणार नाही." बजेट आठ-नऊ हजार युरो, म्हणजे वापरलेलीच. मोठी घ्यावी की छोटी? ऑटोमॅटिक की गिअरची? समृद्धीवर 120 ने जायची सवय आहे, तिथल्या ऑटोबान हायवेची भीती नाही.

महालचा पोट्टा:
बाबांचं ऐका भाऊ. बर्फ म्हणजे बर्फ. फोर व्हील ड्राइव्ह घ्या आन् मोकळे व्हा.

धरमपेठची लेक:
भाऊ, गाडी राहू द्या, आधी लायसन्सचं बघा. आपलं लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट वर्षभराचं, म्हणून मी निर्धास्त होते. ते हातात असलं तरी मुदत सहा महिनेच. मग लेखी आणि गाडीवरची, दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते.

व्हरायटी चौकातून संध्याकाळी सातला गाडी काढणारी बाई मी, पहिल्या खेपेला नापास! उजवीकडे वळताना नुसता आरसा पाहिला, मान वळवून खांद्यामागे पाहिलं नाही. मागून सायकलवाला येत असेल तर? दुसरी गोम: पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, त्याची गल्ली कितीही बारकी असो. आपल्याकडे ज्याचा हॉर्न मोठा तो आधी. ते अंगातून जायला वेळ लागतो. आणि शिकणं-परीक्षा दोन्ही ऑटोमॅटिकवरच केलं तर लायसन्सवर 78 नंबरची अट पडते, गिअरची गाडी चालवता येत नाही. हे ठरवून मगच गाडी पाहा.

आता एसयूव्ही. चारही चाकांना जोर असला तर गाडी बर्फातून निघते, पण थांबवतात ते टायरच. 1 ऑक्टोबर 2024 पासून डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर तिथे हिवाळी म्हणून धरतात. दुसरा संच आणि तो ठेवायला जागा, दोन्हीचा खर्च बजेटात धरा. सकाळी काचेवरचा थर खरवडायचा, आणि तोवर इंजिन चालू ठेवून उभं राहिलात तर दंड! मे महिन्यात स्टेअरिंगवर दुपट्टा टाकणारी माणसं आपण. पहिल्या हिवाळ्यात माझी बोटं बधिर झाली होती.

माझ्याकडे तिथे स्कोडाची छोटी, जुनी फाबिया आहे. कारण पार्किंग. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात एकावर एक गाडी चढवायचे लोखंडी पाळणे आहेत, उंची जेमतेम दीड मीटर. एसयूव्ही त्यात जातच नाही. घर ठरल्यावर टेप घेऊन उंची मोजा, मग गाडी शोधा.

एक गंमत सांगते. पहिले दोन महिने प्रत्येक वळणाला माझे वायपरच सुरू व्हायचे. नागपूरच्या आपल्या गाडीत इंडिकेटर उजव्या हाताला होता, तिथे डाव्या. कोरड्या काचेवर कर्रकर्र, आणि मागच्या सीटवरून लेक, "आई, पाऊस नाहीये!" (लेकीच्या सीटचं विसरू नका. बारा वर्षं किंवा दीड मीटर उंची होईपर्यंत ती लागतेच.)

परत आलेला:
ताईंनी टीयूव्हीचं, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीचं सांगितलं नाही. मागच्या नंबरप्लेटवर गोल स्टिकर असतो. मधला आकडा वर्ष, आणि बाराच्या काट्याच्या जागी जो आकडा तो महिना. तोवर तपासणी वैध. नंतर दर दोन वर्षांनी करावी लागते. मला ते वाचता येत नव्हतं. एका विक्रेत्याने गोड बोलून गाडी गळ्यात मारली, तीनच महिने उरलेले. तपासणीत ब्रेक पाइप गंजलेले निघाले, 900 युरो गेले. वर्षभराच्या आत मुदत संपत असेल तर विकणाऱ्यालाच नवीन तपासणी करून द्यायला लावा. नाही म्हणाला तर समजून जा, पाणी मुरून राहिलं.

प्रतापनगरकर:
ताई, दादा, लाख आभार. आता गाडी मार्चनंतरच, तोवर ट्राम. बाबांना पाळण्याच्या उंचीचं सांगितलं. म्हणाले, "मंग घर दुसरं पाह्य ना बे."