न्यू उल्म : मुक्तविचारकांच्या गावात धर्मशिक्षणाचे महाविद्यालय कसे आले?

रामदासपेठची वाचक
नमस्कार. माझी भाची अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मँकॅटो येथे शिकते. मागच्या सुटीत ती जवळच्याच, जेमतेम चौदा हजार वस्तीच्या न्यू उल्म या गावी जाऊन आली. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत गावाच्या वरच्या कड्यावर तलवार उगारलेल्या योद्ध्याचा पुतळा आहे आणि त्याच उंचीवर मार्टिन लूथर महाविद्यालय आहे. गाव वसवणारे जर्मन लोक मात्र चर्चपासून फटकून राहणारे होते, असे वाचनात आले. मग पाद्री घडवणारे महाविद्यालय त्यांच्याच गावात कसे? शिवाय तेथील रस्ते पायऱ्यापायऱ्यांनी चढतात असे ती म्हणते, त्याचे कारण काय असावे?

भूगोलाचे गुरुजी, धरमपेठ
ताई, पायऱ्यांचे उत्तर आधी देतो, कारण गावाचा सगळा घाट त्यातच आहे. मिनेसोटा आणि कॉटनवुड या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव वसले आहे. हिमयुगाच्या अखेरीस वितळत्या बर्फाचे पाणी साचून उत्तरेकडे अगासी नावाचे प्रचंड सरोवर तयार झाले होते, आणि त्याचे पाणी दक्षिणेचा काठ फोडून ज्या महानदीच्या रूपाने वाहिले तिला भूशास्त्रज्ञ वॉरन नदी म्हणतात. तिने टप्प्याटप्प्याने पात्र खोल कोरले, आणि दर टप्प्याला जुन्या तळाची एक सपाट पट्टी काठाला वर उरली. गाव या पट्ट्यांवर आहे, म्हणून नदीला समांतर जाणारे रस्ते सपाट आणि त्यांना छेदणारे चढाचे. आजची मिनेसोटा नदी त्या रुंद दरीत बापाचा सदरा घातलेल्या पोरासारखी दिसते. पुतळा हर्मनचा, म्हणजे इ. स. ९ मध्ये ट्युटोबुर्गच्या अरण्यात रोमन सैन्याचा धुव्वा उडवणाऱ्या सरदाराचा आहे. ज्युलियस बर्न्ट यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या या १०२ फुटी स्मारकाचे लोकार्पण १८९७ मध्ये झाले.

महालकर
ज्या १८५४ साली डलहौसीने भोसल्यांचे नागपूर खालसा केले, त्याच साली शिकागोच्या जर्मन वसाहत मंडळाची माणसे या बेचक्यात उतरली. पुढे पैसा अपुरा पडला, तेव्हा १८५६ मध्ये त्यांनी सिनसिनाटीच्या टर्नर मंडळींशी हातमिळवणी केली. या मंडळींचे पुढारी विल्हेल्म फेंडर होते. टर्नर म्हणजे आपल्याकडचे आखाडेवालेच म्हणा : फ्रीडरिख यान यांनी १८११ मध्ये बर्लिनजवळ सुरू केलेल्या व्यायाम चळवळीचे हे वारसदार, आणि १८४८ ची क्रांती फसल्यावर त्यांच्यातील अनेकांनी देश सोडला होता. आखाडा आणि राजकारण यांचे नाते आम्हा नागपूरच्या महालवाल्यांना समजावून सांगावे लागत नाही.

आता मूळ प्रश्न. चर्चपासून फटकून राहणाऱ्या टर्नरांनी आपले सभागृह उभारले, पण मागून आलेल्या जर्मनांमध्ये लुथेरन (मार्टिन लूथरच्या प्रॉटेस्टंट पंथाचे) आणि कॅथलिक पुष्कळ होते, आणि त्यांना आपल्या शाळांसाठी माणसे हवी होती. मिनेसोटाच्या लुथेरन धर्मसभेने १८८४ मध्ये, म्हणजे आपल्या हिस्लॉप महाविद्यालयानंतर वर्षभराने, हे महाविद्यालय सुरू केले. मात्र ‘पाद्री घडवणारे’ हे वर्णन अर्धेच खरे आहे. १८९२ मध्ये विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या धर्मसभांशी जोडणी झाल्यावर ते मुख्यतः चर्चशाळांच्या शिक्षकांचे केंद्र झाले. पाद्रीपदाचे पूर्वशिक्षण तेथे पुन्हा आले ते १९९५ मध्ये, विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउनचे नॉर्थवेस्टर्न महाविद्यालय त्यात विलीन झाल्यावर.

कन्हानकाठ
वरच्या दोन्ही उत्तरांत ‘बेचके’ रिकामे असल्यासारखे वाटते, ते तसे नव्हते. १८५१ च्या करारांनी डकोटा या तेथील मूळ रहिवासी लोकांची अफाट भूमी गेली आणि त्यांच्या हाती मिनेसोटा नदीकाठची पट्टी तेवढी उरली. १८६२ च्या उन्हाळ्यात कराराचे पैसे थकले, उपासमार झाली आणि युद्ध पेटले. १९ आणि २३ ऑगस्टला न्यू उल्मवर दोन हल्ले झाले, गावाचा बराचसा भाग जळाला, आणि २५ ऑगस्टला सुमारे दोन हजार माणसे १५३ गाड्यांतून मँकॅटोला निघून गेली. त्याच मँकॅटोत २६ डिसेंबरला ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. आपल्या भाचीने ती जागाही पाहावी.

रामदासपेठची वाचक
मनःपूर्वक आभार. मँकॅटोचा हा संदर्भ मला ठाऊक नव्हता, तिला आजच कळवते. एक शंका उरते : टर्नर आणि महाविद्यालय यांचे पुढे पटले का?

महालकर
नेहमी पटले असे म्हणवत नाही, पण १९१७ मध्ये ते एका व्यासपीठावर आले. अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली होती, आणि सक्तीने भरती झालेल्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध परदेशी रणांगणावर पाठवू नये, अशी मागणी करणारी मोठी सभा २५ जुलैला न्यू उल्ममध्ये भरली. नगराध्यक्ष लुई फ्रिट्शे, नगराचे वकील आल्बर्ट फेंडर (विल्हेल्म यांचे चिरंजीव), आणि महाविद्यालयाचे प्रमुख अडॉल्फ आकरमन हे तिघेही तेथे बोलले. राज्यपालांनी पहिल्या दोघांना पदावरून दूर केले. आकरमन यांच्याविषयी महाविद्यालयाच्या चालकांवर दबाव आला आणि त्यांनाही राजीनामा द्यावा लागला.