मदत हवी आहे: ई-चलान माझ्या नंबरवर, फोटोत गाडी भलतीच

चक्रधर: विनाहेल्मेटचं ई-चलान आल्याचा मेसेज आलाय. नंबर माझाच, पण फोटोत स्कूटर आहे आणि माझी मोटरसायकल. रक्कम किरकोळ आहे. भरून मोकळं व्हावं का? कोर्टाचं लचांड नकोय.

क्लचवायर: भरू नका. भरलंत म्हणजे गुन्हा कबूल, मग तक्रारीत दम उरत नाही.

आधी चलान खरं आहे का ते पाहा. मेसेजमधली लिंक न दाबता महाट्रॅफिकचं, म्हणजे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं ई-चलानाचं संकेतस्थळ स्वतः उघडा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट आयएन' हवंच. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की चलान फोटोसकट दिसतं. व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने एपीके फाईल (फोनवर ॲप टाकणारी फाईल) आली असेल तर ती सरळ डिलीट करा, बँक खातं साफ करणारा प्रकार आहे तो.

मग फोटो मोठा करून पाटी वाचा. ८ चा बी, शून्याचा डी वाचला गेला असेल तर तिथल्याच तक्रार विभागात आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) आणि स्वतःच्या गाडीचे पुढून, मागून, बाजूने काढलेले फोटो जोडा. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

पाटीवर हुबेहूब तुमचाच नंबर असेल तर मामला गंभीर. कुणीतरी तुमच्या नंबरची पाटी लावून फिरतंय. ऑनलाइन तक्रारीसोबतच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. उद्या त्या स्कूटरने कुणाला उडवलं तर पोलीस आधी तुमच्याच दारात येणार, तेव्हा हा कागद कामी येईल.

चक्रधर: लोकअदालतीत नेलं तर? तिथे सूट मिळते म्हणतात.

खटलाखोर: ती तडजोडीची जागा. स्वतःच्या साचलेल्या चलानांसाठी ठीक, पण न केलेल्या गुन्ह्यात तडजोड कसली? शिवाय तिथल्या निवाड्यावर अपील नाही. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात (चलानांचं ऑनलाइन कोर्ट) गेलं तर दंड भरायचा की खटला लढवायचा, असे दोन पर्याय दिसतात, दुसरा निवडा. समन्स आलं तर तारीख चुकवू नका. किरकोळ प्रकरणात वॉरंट निघतं ते बहुतेक गैरहजेरीमुळेच.

क्लचवायर: वाहन पोर्टलवर (गाड्यांच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) तुमचा चालू मोबाईल नंबर आहे ना, तेही तपासा. जुन्या नंबरवर मेसेज जात राहतात आणि मालकाला पत्ताच नसतो. गाडी विकणाऱ्यांचंही तेच: मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदललं नाही, तर नव्या मालकाची चलानं जुन्याच्याच नावावर पडतात.