नेरुदा वंश मोडीत काढायला नको होता

वनराई: हेलिकोनियस म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण जंगलांतली लांब पंखांची फुलपाखरं. त्यांच्यातल्या मोजक्या जाती वेगळ्या काढून जॉन टर्नर यांनी 1976 मध्ये कवी पाब्लो नेरुदांच्या नावाने नवा वंश (जवळच्या जातींचा गट) केला. 2015 मध्ये डीएनएच्या आधारावर त्या परत हेलिकोनियसमध्ये टाकल्या. मला नाही पटलं. हेलिकोनियस परागकण खातात. सोंडेवर परागांचा गोळा धरायचा, लाळेने भिजवायचा आणि तासन्तास घोळवत बसायचं. त्यातून अमिनो आम्लं सुटतात. म्हणूनच ती कित्येक महिने जगतात. नेरुदा गटात हा प्रकारच नाही. मग एका वंशात का कोंबायचं?

फांदीबहाद्दर: कारण 2015 च्या त्या डीएनए वंशवृक्षात त्यांची फांदी हेलिकोनियसच्या आतूनच फुटते. ती तोडून वेगळी ठेवलीत तर उरलेला हेलिकोनियस अर्धवट राहतो, मग त्याचेही तुकडे करा. निसर्गअभ्यासक हेन्री बेट्सच्या 1862 च्या निबंधापासून रुळलेली नावं त्यापायी बदलायची? पराग खाण्याची सवय एखाद्या फांदीने सोडलीही असेल.

वनराई: साप तर सरड्यांच्याच फांदीतून आले. त्यांना कोणी सरडे म्हणतं का?

फांदीबहाद्दर: म्हणत नाही, पण सापांना सरड्यांपासून तोडणारं वर्गीकरणही आता फारसं कोणी करत नाही.

रानवाट: रंगरूपावर तर अजिबात जाऊ नका. एराटो आणि मेलपोमेने या हेलिकोनियसच्या दोन जाती प्रदेशागणिक रूप बदलतात, तेही जोडीने. दोघींच्या अंगात सायनाइड देणारी विषं. एकसारख्या दिसल्या की पक्ष्यांना धडा एकदाच शिकावा लागतो. लाल पट्टा कुठे उमटायचा ते ऑप्टिक्स नावाचं एक जनुक ठरवतं.

वनराई: आणि ही जनुकं जातीजातींत इकडून तिकडे जातात, हे 2012 मध्ये वाचलेल्या मेलपोमेनेच्या जीनोमने (संपूर्ण डीएनए संचाने) दाखवलंच आहे. ह्यूरिप्पा ही जात तर सिड्नो आणि मेलपोमेने या दोन जातींच्या संकरातून आलेली मानतात. इतका गुंता असताना तुमच्या फांदीवर एवढा भरवसा कसा?

फांदीबहाद्दर: गुंता आहे म्हणूनच एक मोठा वंश बरा. एखादी फांदी थोडी सरकली तरी नाव बदलावं लागत नाही.

रानवाट: उपवंश करा की! नेरुदा गटातल्या एओडी या जातीचं नाव हेलिकोनियस (नेरुदा) एओडी असं लिहायला नियमांची आडकाठी नाही.

वनराई: कंसातलं नाव पुढच्या यादीत गळतंच. मी नेरुदा एओडीच लिहिणार.