मदत हवी आहे: समुद्रातले जीव नेतात तेवढाच कार्बन आपण सोडतो, मग हवेत वाढतो कसा?

शिंपला
परवा पोस्टर लावायचंय आणि दोन दिवस मी एकाच ओळीवर अडकलेय: 'जीव आपलं उत्सर्जन शोषतात'. विषय अरबी समुद्र. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वरच्या पाण्यात कार्बन बांधतात, कोणी त्यांना खातं, मेलेलं आणि विष्ठा खाली जाते, हे मला माहीत आहे, ते पुन्हा समजावू नका प्लीज. आकडे जुळत नाहीत. खाली जाणारा कार्बन वर्षाला किती, तर एका संदर्भात १० अब्ज टन, दुसऱ्यात ३७, तिसऱ्यात जेमतेम दीड. माणूस ३७ च्या आसपास सोडतो. म्हणजे हिशेब फिटला ना? मार्गदर्शकांनी त्या ओळीवर काट मारली आणि कारण न सांगता दौऱ्यावर गेले. लवकर सांगा.

गणिती_गडी
३७ कशाचे? कार्बनचे की कार्बन डायऑक्साइडचे? आणि किती खोलीवर मोजलेले?

शिंपला
कार्बनचेच असणार, विषयच तो आहे. खोली म्हणजे खोल समुद्र.

गणिती_गडी
खोल समुद्र म्हणजे १०० मीटर, १००० मीटर की तळ? तक्त्याचा मथळा जसाच्या तसा इथे टाक. त्याशिवाय सगळे हवेत बाण मारतील.

खाडीकाठ
खारफुटी लावा. चिखलात हवा शिरत नाही, त्यामुळे पालापाचोळा कुजायला फार वेळ लागतो आणि कार्बन तिथेच राहतो. पाचवीपासूनच्या मुलांनाही करता येतं. रोपं पावसाच्या तोंडावर लावावीत.

शिंपला
खारफुटीचं विचारलेलं नाही. मथळा शोधतेय.

जुना_दर्यावर्दी
सगळे फक्त पडणाऱ्या कचऱ्याचं बोलताहेत. मी सर्वेक्षणाच्या जहाजावर अकरा वर्षं काढली. भर समुद्रात, तळ दोन-तीन हजार मीटरवर असताना, प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर दिवसा तीनशे-चारशे मीटरवर जाड पट्टा दिसायचा, नवख्याला वाटावं तळच लागला. सूर्य कलला की तो पट्टा तिरका होऊन वर सरकायला लागे, अंधार पडेपर्यंत पृष्ठभागाजवळ. पहाटे परत खाली. ते जिवंत प्राणी आहेत: कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव, कोळंबीसारखे जीव, अंगावर दिवे असलेले मासे. रात्री वर खातात आणि दिवसा खाली श्वास घेतात, विष्ठा टाकतात. हा कार्बन पडत नाही, पोहत जातो. पोस्टरवर हे आलंच पाहिजे.

लोहमात्रा
खरा प्रश्न हा पंप, म्हणजे जीवांनी कार्बन खाली नेणं, वाढवायचा कसा हा आहे. दक्षिण महासागरात लोह कमी पडतं म्हणून प्लवक वाढत नाहीत. लोह टाका, काम होईल.

गाळवेचा
टाकून पाहिलंय. २००९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन संस्थेबरोबर लोहाफेक्स प्रयोग केला, जवळपास ३०० चौरस किलोमीटरवर. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिका कमी होती, त्यामुळे डायअ‍ॅटम, म्हणजे सिलिकाचं कवच करणारे प्लवक, वाढलेच नाहीत. जे वाढले ते कोपेपॉडनी फस्त केले. खाली फारसं काही गेलं नाही.

लोहमात्रा
आणि २००४ चा आयफेक्स हा लोहाचाच प्रयोग? तिथे डायअ‍ॅटम फुलले आणि त्या बहरातला निम्म्याहून जास्त कार्बन १००० मीटरच्या खाली गेला. सोयीचा प्रयोग तेवढा सांगू नका.

गाळवेचा
मान्य. पण मग सगळीकडे चालेल असं म्हणू नका. सिलिका आहे की नाही यावर सगळं ठरतं.

गणिती_गडी
तिचं पोस्टर परवा आहे. लोहासाठी वेगळा धागा काढा.

शिंपला
मथळा सापडला. ३७ च्या खाली 'कार्बन डायऑक्साइड' लिहिलंय. १० आणि दीडच्या खाली 'कार्बन'.

गणिती_गडी
मग १० आणि ३७ एकच आकडा आहे. कार्बनला ४४ भागिले १२ ने गुणलं की डायऑक्साइड येतो, १० चे ३६.७. राहिला दीड. समुद्रशास्त्रज्ञ मार्टिन यांनी १९८७ मध्ये प्रशांत महासागरात खाली पडणारा गाळ गोळा करणाऱ्या सापळ्यांवरून सूत्र मांडलं: खोली दसपट झाली की उरतो सुमारे १४ टक्के. १०० मीटरवर १०, तर १००० मीटरवर १.४. दोन्ही बरोबर, खोली वेगळी.

गाळवेचा
आता काट का मारली ते. ज्या अर्थी आकडे सारखे, त्या अर्थी जीव आपला धूर गिळतात असं नाही. हा पंप कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि जेवढं खाली जातं जवळजवळ तेवढंच पाण्याबरोबर वर येतं. अरबी समुद्रातच बघ: नैऋत्य मोसमी वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावरचं पाणी ढकलून देतो, खालचं गार, कार्बनने भरलेलं पाणी वर येतं आणि वायू हवेत सुटतो. वर्षाच्या हिशेबात अरबी समुद्र हवेला कार्बन देणाराच आहे. आपण सोडलेल्यापैकी साधारण पाव भाग महासागर घेतात, तो मुख्यतः हवेत जास्त झाला म्हणून विरघळतो आणि गार पाण्याबरोबर खाली जातो.

त्याच मोसमी वाऱ्यात वर प्लवक फुलतात आणि खाली मेलेल्या जीवांचा आणि विष्ठेचा पाऊस पडतो. १९८६ पासून अरबी समुद्रात भारतीय-जर्मन सापळे लावले होते, त्यांत पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात गाळ वाढलेला दिसला. मी स्वतः सापळ्याचे पेले हाताळलेत. हिवाळा सरल्यावरच्या पेल्यात जेमतेम धूळ, जुलै-ऑगस्टच्या पेल्यात बोटभर तपकिरी थर. भिंगाखाली तांदळाच्या कणीसारख्या कोपेपॉडच्या लेंड्या, प्रत्येकीवर पातळ पारदर्शक वेष्टन. ते फाटलं की लेंडी वाटेतच विरघळते, टिकलं की वेगाने उतरते.

शिंपला
म्हणजे मी 'जीव आपलं उत्सर्जन शोषतात' लिहिलं ते चूक. मग पंपाचा उपयोग काय लिहू?

गाळवेचा
तो बंद पडला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड काही शतकांत दहा लाखात १५० ते २०० भागांनी चढेल असा अंदाज आहे. आधी साचलेला कार्बन तो खाली धरून ठेवतो, असं लिही.

जुना_दर्यावर्दी
आणि तो पट्टा काढ. बाजूला घड्याळाची वेळ टाक, नाहीतर कळणार नाही.

शिंपला
काढते. १०० मीटर, १००० मीटर आणि एकक प्रत्येक आकड्याखाली लिहिलंय. पेल्याचा फोटो आहे का कोणाकडे? आज रात्री छपाईला द्यायचंय.