झोप लागत नाही, पण खोली सोडवत नाही (अनुभव धागा)

आमची खोली लालबागला, आंबेडकर रोडला लागून. दुसरा मजला. सासरे गिरणीत असताना घेतलेली, पागडीची, म्हणजे आधी एकरकमी पैसे देऊन नंतर नाममात्र भाड्यावर. भाडेपावती आता नवऱ्याच्या नावावर. २०११ साली समोर उड्डाणपूल झाला आणि तो नेमका आमच्या खिडकीच्या उंचीला आला. पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली की धड-धड असे दोन ठोके पडतात. दिवसा कळत नाहीत. रात्री दोन वाजता मी ते मोजत पडलेली असते. बाकी आवाज आहेतच. उन्हाळ्यात मसाला कुटायचे डंक, पावसात मंडपाची ठोकाठोक, मग गणपती. पण खरं सांगते, गणपतीचे ते दिवस मला आवडतात. गर्दी होते, पाहुणे येतात, जिन्यात चपला मावत नाहीत, आणि मग सगळं संपतं. पुलाचं विसर्जन होत नाही.

मुलगा यंदा दहावीला. नवऱ्याची कंपनी मार्चमध्ये बंद पडली, सध्या तो ओळखीच्या एकांकडे अर्ध्या पगारावर जातो. माझे डबे आणि शिवण मिळून महिन्याला १८ ते २० हजार. खोलीचं भाडं २१० रुपये. कुणी हसेल, पण आमचं सगळं गणित त्या २१० वर उभं आहे. टिटवाळ्याला एका वन आरकेचे ७ हजार आणि ३० हजार डिपॉझिट सांगितलं. सासूबाई म्हणतात, गावी चला. गावी घर आहे, पण तिथे डबे कुणाला देऊ?

हात आखडलेला असताना ज्यांनी अशी जागा सोडली, किंवा सोडायची म्हणून निघाले आणि परत फिरले, त्यांनी लिहा. सल्ला नको असं नाही, पण आधी काय घडलं ते सांगा. खर्च कुठे वाढला ते तर नक्की.

परळ सोडून बदलापूर

ताई, मी तुमच्याच रस्त्यावरचा. २०१४ ला पागडीची खोली विकली. घरमालकाने रिवाजाप्रमाणे आलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा घेतला. हे आम्ही धरलं होतं. पण त्याची सही मिळायला पाच महिने लागतील, हे धरलं नव्हतं. उरलेल्यात बदलापूर पश्चिमेला वन बीएचके घेतला, थोडं कर्जही काढलं.

पहिले काही दिवस आई रात्री उठून दार उघडून बघायची. म्हणायची, माणसं गेली कुठे? मला मात्र झकास झोप लागली. बेडकांच्या आवाजात झोपतो, असं ऑफिसात सांगत फिरायचो.

आता खर्च. पास महाग नाही, त्यात कुणी घाबरू नये. महाग असते ती रिक्षा. स्टेशन ते घर शेअर रिक्षाचे २० रुपये, जाऊन-येऊन ४०, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे हजाराच्या वर, रेल्वेच्या पासापेक्षा कितीतरी जास्त. हे घर बघताना सुचलं नाही, कारण बिल्डरची माणसं स्टेशनवरून गाडीने न्यायची. दुसरं म्हणजे वेळ. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. त्यात करी रोड, चिंचपोकळी ही स्लोची स्टेशनं. फास्टने दादरपर्यंत यायचं आणि तिथे बदलायचं. दिवसाचे चार तास गेले. बायको डब्यासाठी पावणेपाचला उठते. आधी आवाजाने झोप जायची, आता गजराने जाते.

आणि २०१९ चा जुलै. महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती, आठवत असेल. ती सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. आमच्या तळमजल्यावर तेव्हा छातीभर पाणी होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणून वाचलो. पार्किंगमधली बाईक गेली. घर घेताना पाण्याचा प्रेशर विचारला होता, उल्हास नदी किती लांब ते विचारलं नव्हतं.

पश्चात्ताप आहे का? नाही. पण मुलाच्या दहावीच्या वर्षी मी हे केलं नसतं.

वकिलाच्या ऑफिसात फायली सांभाळणारा

मी वकील नाही, पण बरीच वर्षं हेच कागद बघतोय. ताई, एक गोष्ट आधी लक्षात घ्या. खोलीला कुलूप लावून टिटवाळ्याला भाड्याने राहू, पुढचं पुढे बघू, असं करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १६. रास्त कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल, तर तेवढ्यावर मालक ताबा मागू शकतो. मालकाला न विचारता दुसऱ्याला भाड्याने दिली तरी तेच. वीजबिल शून्याजवळ आलं की समोरचा वकील तेच बिल कोर्टात लावतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी असेल, तर आणखी एक. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली पुनर्विकास झाला तर निवासी भाडेकरूला आताच्या नियमांनी किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं. कधी होईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. पण आज घाईने विकताना घेणारा नेमकं तेच विकत घेत असतो, तुमची १८० फुटांची खोली नव्हे. कागद एखाद्या वकिलाला दाखवूनच ठरवा.

नारायण पेठ ते नऱ्हे, पुणे

आमचं लग्न झालं तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या भाड्याने होत्या. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी ढोल पथकांचा सराव, संध्याकाळी सुरू झाला की दहा वाजेपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. विसर्जनाची मिरवणूक तर तीस तासांच्या आसपास चालते. बायको तेव्हा गरोदर होती, म्हणून ठरवलं की बाळ यायच्या आत इथून निघायचं.

बजेट १२ हजार. नऱ्ह्याला १२ मध्ये मोठा फ्लॅट मिळाला, गच्ची, समोर टेकडी. आम्ही तो बघायला गेलो शनिवारी सकाळी अकराला. राहायला गेलो आणि पहिल्या रात्री कळलं की गच्चीच्या खाली, शेताच्या पलीकडे, बायपास आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारे ट्रक. एअर ब्रेकचा फुस्स, मग हॉर्न, मग पुढचा ट्रक. ढोल दहाला थांबायचे हो. ट्रक रात्रभर थांबत नाहीत.

करारात सहा महिन्यांचा लॉक-इन होता. आधी निघालो असतो तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायचं. शिवाय टेम्पो, ब्रोकरला पुन्हा एक महिन्याचं भाडं, करारनाम्याची नोंदणी. हिशोब केला तर हलण्याचा खर्च ४० हजारांच्या आसपास. ते नव्हते. मग वर्षभर मागच्या बेडरूममध्ये तिघे झोपलो आणि पुढची, टेकडीवाली, कपडे वाळत घालायला ठेवली.

म्हणून एवढंच सांगतो. जागा बघायला रात्री अकराला जा. ब्रोकर नाही म्हणाला तर एकटे जा, खाली चहाच्या टपरीवर उभे राहा.

धानोरी

नऱ्हेकर, तुमचं बरं. आम्हाला ब्रोकरने रविवारी फ्लॅट दाखवला. सोमवारी सामान लावताना डोक्यावरून सुखोई गेलं, बायकोच्या हातातली बरणी पडली. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे हे शाळेत शिकलो होतो, भाडं एवढं कमी का, याच्याशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

रात्रपाळीची नर्स, घाटकोपर

मी दिवसा झोपते, त्यामुळे माझी कहाणी उलटी. समोर लग्नाचा हॉल. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हा नियम मला पाठ आहे, पण माझ्या झोपेच्या वेळेला त्याचा काही उपयोग नाही. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. मी मोबाईलवर ॲप टाकून मोजलं, वरातीला ८८. ॲप काही अचूक नसतं, पण पोलिसांना फोन करताना आकडा सांगितला की आवाजात जरा धीर येतो. दोनदा आले. तिसऱ्यांदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी मलाच समजावलं, की मॅडम, लग्नसराई आहे.

सोडायचा विचार केला. पण हॉस्पिटल इथून चालत पंधरा मिनिटं. रात्री घरून निघणं आणि सकाळी थकून परतणं, यात ते अंतर माझ्यासाठी हजारो रुपयांचं आहे. म्हणून खिडकीवर खर्च केला. आधी जाड पडदे लावले, फरक शून्य. भाऊ अंड्यांचे ट्रे चिकटव म्हणाला, तेही केलं, त्यात झुरळं झाली. शेवटी एक सुतार भेटला, त्याने खरं काय ते सांगितलं. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीला फट राहतेच, आणि जिथून हवा येते तिथून आवाज येतो. त्याने आत बोटभर जाड लॅमिनेटेड काचेचं एकच पाखं बसवलं, कडेने रबर, मधे वीतभर अंतर. एका खिडकीचे १६ हजार, चार हप्त्यांत दिले. हॉर्न आणि बँजो बरेच कमी झाले. डीजेचा खालचा ढुम्म ढुम्म मात्र भिंतीतूनच येतो, त्याला काच काही करत नाही. तुमच्या पुलाचे ठोके त्याच जातीचे असतील, तेव्हा पैसे टाकण्याआधी एक रात्र खिडकीत गादी कोंबून बघा. गादीने फरक पडला तर काचेने पडेल.

गिरगाव, वय ७४

तुम्ही सगळे हिशोबाने बोलताय ते बरोबरच आहे. आमच्या इथे मेट्रो-३ चं भुयार खणत होते तेव्हा फळीवरची ताटं आपोआप वाजायची. रात्रीच्या कामावर लोक हायकोर्टात गेले. माझी मुलगी म्हणाली, बाबा, ठाण्याला चला. मी गेलो नाही. कारण मोठं काही नाही, हलायचा कंटाळा. हिच्या औषधांत पैसेही संपले होते.

त्याच वर्षी एका पहाटे छातीत कळ आली. मी कठड्याला धरून बसलो. शेजारचा मुलगा नळाला पाणी भरायला उठला होता, त्याने खुर्चीत घालून खाली नेलं. आमच्या मजल्यावर अकरा बिऱ्हाडं आणि एकाचंही दार जाड नाही. यावरून तुम्ही राहावं असं मी म्हणत नाही, तुम्ही तरुण आहात. शिवाय त्याच मुलाच्या वडिलांचा रेडिओ मला तीस वर्षं नको झालाय.

मेट्रो आता धावते. मुलगी येते ती तिनेच.

विरारला दोन वर्षं, परत कांजूर

थोडक्यात. भाड्यात ५ हजार वाचले. त्यातले २ हजार उन्हाळ्यात टँकरच्या वर्गणीत गेले, हजारभर रिक्षात, आणि मुलीचा क्लास सुटला तो वेगळा. नवरा घरी पोचायचा साडेनऊला. मुलगी त्याला रविवारी भेटायची. परत आलो, आता खाली गॅरेज आहे. ठोकतात दिवसभर. ठोकू देत.

धागा काढणारी, पुन्हा

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं. रात्री बसून नवऱ्याला वाचून दाखवलं. फाईलवाल्या दादांचं वाचल्यावर तो बराच वेळ गप्प होता, कारण कुलूप लावून जायचं हेच आमचं अर्धं ठरलं होतं. इथल्या वकिलांकडे कागद घेऊन जाऊन आलो. त्यांनीही तेच सांगितलं आणि फी घेतली नाही, फक्त दोन डबे मागितले.

मागच्या आठवड्यात टिटवाळ्याला नणंदेकडे तीन रात्री राहून पाहिलं. झोप लागली, खोटं कशाला बोलू. पण सकाळचे डबे तीन दिवस बंद राहिले आणि एका गिऱ्हाईकाने तेवढ्यात दुसरी बाई लावली. पोराने लोकलमध्ये उभ्याने भूमिती केली.

गादी कोंबून बघितली. हॉर्न गेले. ठोके थोडे कमी झाले, गेले नाहीत. खरी सोय झाली ती भलतीकडेच. आमच्या मजल्यावर मागच्या बाजूच्या खोलीत एक मावशी एकट्या राहतात. त्यांची खिडकी पुलाकडे नाही, दुसऱ्या चाळीच्या भिंतीकडे उघडते, म्हणून इतकी वर्षं आम्ही त्यांची कीव करत आलो. पोरगा आता जेवून तिकडेच जातो, अभ्यास करतो आणि तिथेच झोपतो. मावशींना सोबत झाली. बदल्यात मी त्यांना रात्रीची भाकरी देते. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत हे असंच. त्यानंतर काय, ते अजून आम्हा दोघांचं ठरलेलं नाही. तो म्हणतो विकू, मी म्हणते थांब.

एका खिडकीचं तरी करून घेऊ म्हणून सुतार बोलावलाय, रविवारी माप घ्यायला येतोय. मी म्हटलं, रात्री अकराला ये. त्याला वाटलं मी थट्टा करते.